लेक ट्राउटसाठी हातभर काठी
कॅल्गरीतल्या आमच्या दुसऱ्या विंटरमध्ये मॅनेजरने मला गोठलेल्या तळ्यावर लेक ट्राउट पकडायला बोलावलं. मी पुण्याचा, मासा कधी ताटातसुद्धा न घेतलेला. बायको मात्र मालवणची, म्हणून गळाचं सामान घ्यायला तिला सोबत नेलं.

दुकानात मी सगळ्यात लांब काठी उचलली. म्हातारा दुकानदार म्हणाला, “बर्फावर तंबूत बसणार ना? मग एक तर ही काठी आत मावेल, नाहीतर तुम्ही.” त्याने हातभर लांबीची काठी दिली. मला ती खेळण्यातलीच वाटली.

मग मी गळाला लावायचे खोटे मासे निवडायला लागलो. लाल, जांभळे, चमचमते, दिसेल तो टोपलीत टाकत होतो. बायकोने दुकानदाराला विचारलं, “हा ट्राउट राहतो कुठे?”

“खोल, अंधारात.”

“मग हे रंग बघणार कोण?” म्हणत तिने माझी टोपली रिकामी केली आणि एक जड, पांढराफटक मासा घेतला. त्यानंतर दुकानदार माझ्याशी बोललाच नाही. सगळं तिलाच समजावत राहिला.

शनिवारी ती तळ्यावरही आली. चार तासांत एकच मासा लागला, तोही तिच्या गळाला. मॅनेजर आनंदाने नाचत होता. ही मासळीबाजारात बघतात तसा माशाचा कल्ला शांतपणे उघडून बघत म्हणाली, “ताजो आसा!”