साळवे मॅडम प्रश्न मोजायच्या

शनिवारी दुपारी बेलापूरला, विद्यापीठाच्या गेटबाहेर, साळवे मॅडम आणि मी उभ्याउभ्या भांडत होतो. खरं तर भांडत होतो मी, त्या नुसत्या हसत होत्या. पुढच्या सत्रात प्राध्यापकांनी एकमेकांच्या वर्गात विद्यार्थी म्हणून जाऊन बसायचं, असं त्यांच्या डोक्यात आलं होतं आणि याला एकही जण तयार होणार नाही, असं मी ठासून सांगत होतो. "पेडणेकर सर, तुम्ही आधी नाही म्हणता आणि मग सगळ्यांच्या आधी येऊन बसता, मला माहितीय," असं म्हणत त्यांनी कोपरखैरण्याच्या बसला हात केला. चढताना वळून म्हणाल्या, "मंगळवारी बोलू." रविवारी सकाळी विभागांच्या ग्रुपवर मेसेज आला. त्या ग्रुपवर वेळापत्रकं आणि परिपत्रकं यांखेरीज काही येत नाही, म्हणून मी सवयीनं अंगठा टाकला आणि चहाकडे वळलो. कपात साखर घालताना वाचलेले शब्द डोक्यात उतरले... डॉ. वनिता साळवे यांचे आज पहाटे हृदयविकाराच्या झटक्याने निधन. धावत येऊन मी आधी तो अंगठा काढला.

त्याला आता दीड महिना झाला. दुःखाचं काहीतरी लिहायचं म्हणून बसतो आणि दरवेळी वेगळंच होतं. त्यांच्या आठवणी काढल्या की माणूस उत्साहानं खुर्चीत नीट बसूच शकत नाही. त्या संख्याशास्त्र शिकवायच्या, मी अर्थशास्त्र. त्यांचे वडील मराठवाड्यातल्या एका खेड्यातून तुर्भ्याच्या कारखान्यात कामाला आले आणि कोपरखैरण्यात राहिले. मॅडम तिथेच वाढल्या, तिथेच नांदल्या, आणि यजमान गेल्यानंतर समीक्षा या लेकीला घेऊन तिथेच राहिल्या. बुटक्या, भरभर चालणाऱ्या, आणि बोलताना समोरच्याच्या मनगटावर दोन बोटं ठेवणाऱ्या. डॉक्टर नाडी बघतात तशी.

आमची खरी ओळख झाली ती एका समितीमुळे. वर्ग ओस पडू लागलेत, आलेली मुलं मोबाइलमध्ये असतात, तेव्हा विद्यार्थ्यांचा शिक्षणातला सहभाग मोजा आणि वाढवा, असा वरून आदेश आला होता. एका कंपनीचे दोन तरुण एक ॲप घेऊन आले. चेहरा दाखवला की हजेरी, पोर्टल उघडलं की गुण, आणि शेवटी प्रत्येक मुलाच्या नावापुढे हिरवा किंवा लाल ठिपका. आम्ही सगळे माना डोलावत होतो. मॅडमनी हात वर केला, "हे मुलगा वर्गात बसलाय हे मोजतं, की वर्गात आहे हे?" त्या तरुणांना फरक कळला नाही. खरं सांगायचं तर मलाही नाही. मॅडमनी एक सत्र मागून घेतलं. ॲप नको, कागद-पेन्सिल पुरे म्हणाल्या. ज्याची हरकत नसेल त्याच्या वर्गात मागे बसायचं आणि दोनच गोष्टी टिपायच्या : मुलांनी आपण होऊन किती प्रश्न विचारले, आणि 'काही शंका?' म्हटल्यावर शिक्षक किती वेळ थांबला.

माझी हरकत असण्याचं कारणच नव्हतं. माझ्या तासाला गर्दी असायची, विनोदाला हशा यायचा, सत्राच्या शेवटी टाळ्या पडायच्या. मॅडम येऊन बसल्या त्या दिवशी मी जरा जास्तच रंगलो होतो. तास संपल्यावर त्यांनी कागद पुढे केला. प्रश्नांच्या रकान्यात शून्य होतं. थांबण्याच्या रकान्यात लिहिलं होतं, 'डस्टर उचलेपर्यंत.' मी म्हणालो, मुलांना सगळं कळतं, म्हणून विचारत नाहीत. "असेल," त्या म्हणाल्या, "पण तुम्ही कळलंय का ते विचारून पुसायला वळता. उत्तर द्यायचं कोणाच्या पाठीला?" मला इतका राग आला की पुढचे आठ दिवस मी त्यांच्याशी बोललो नाही. जेवायच्या सुट्टीत डबा घेऊन दुसऱ्या मजल्यावर जायचो.

पण ते वाक्य काही जाईना. नवव्या दिवशी मागणीची रेषा शिकवून झाल्यावर मी 'काही शंका?' म्हटलं आणि हात मागे बांधून नुसता उभा राहिलो. काय भयानक शांतता होती ती! पंख्याचा आवाज ऐकू यायला लागला. मुलं एकमेकांकडे बघू लागली, मला घाम फुटला, आता डस्टर उचलावं असं दहादा वाटलं... आणि तिसऱ्या रांगेतून एक मुलगी उठली. भारती पाटील, जुईनगरच्या जुन्या गावातली. दोन सत्रांत तिचा आवाज मी ऐकला नव्हता. इंग्रजी माध्यमाच्या वर्गात ती तिच्या घरच्या बोलीत म्हणाली, "सर, एकाला घर पायजेल हाय, पन परवडत नाय. मंग त्याची मागनी तुमच्या या रेषेवर कुठं हाय?"

मी पुस्तकातलं उत्तर दिलं. ऐपत नसेल तर ती मागणी नव्हे, ती नुसती इच्छा. भारती खाली बसली नाही. "म्हंजे तो हाय, पन मोजायचा नाय?"

आणि वर्ग उसळला! कोपरखैरण्यात भाड्यानं राहणारा एक जण उठला, सीवूड्सच्या टॉवरमधली एक मुलगी रिकाम्या पडून असलेल्या फ्लॅटबद्दल बोलू लागली, कोणी हिंदीत, कोणी इंग्रजीत, मागचा एक तर बाकावरच चढला. बेल झाली तरी कोणी हलेना. इतकी वर्षं शिकवून मला पहिल्यांदा वाटलं की आपण एका खोलीत काहीतरी पेटवलं. मी जिने चढत थेट संख्याशास्त्र विभागात गेलो आणि धापा टाकत म्हणालो, "मॅडम, अकरा!" त्यांनी आठ दिवसांच्या अबोल्याबद्दल एक अक्षर काढलं नाही. मनगटावर दोन बोटं ठेवून म्हणाल्या, "बसा आधी. पहिला प्रश्न कोणता होता, शब्दन् शब्द सांगा."

तेव्हापासून आम्ही दोघं एका कामाला लागलो. दुपारनंतर भरणाऱ्या चर्चामंडळांना कोणी थांबत नाही, मुलांना रस नाही, असं सगळे म्हणायचे. मॅडम एक आठवडाभर रोज दोन वाजता गेटवर उभ्या राहिल्या आणि बाहेर पडणाऱ्या मुलांना 'कुठे निघालास?' एवढंच विचारत राहिल्या. एक तुर्भ्याच्या गोदामात पार्सलं लावायला चालला होता, एक मॉलमधल्या दुकानात उभा राहायला, एक शिकवण्या घ्यायला, एक धाकट्या भावाला शाळेतून आणायला. "मुलं पळत नाहीत हो," त्या समितीला म्हणाल्या, "कामाला जातात. रस दोन वाजता संपत नाही, वेळ संपते." मग त्यांनी चर्चेचा तास सकाळी साडेसातला ठेवला, मंगळवारी आणि शुक्रवारी. हजेरी नाही, गुण नाहीत, भाषेची अट नाही. कोणीही कुठल्याही विषयातला न कळलेला प्रश्न घेऊन यायचं. सहकारी हसले. साडेसातला कोण येतंय!

पहिल्या मंगळवारी आम्ही दोघं सातपासून खोलीबाहेर उभे. वॉचमनला चावी सापडेना. जिन्याकडे बघत मॅडम अचानक म्हणाल्या, "मी बी.एस्सी.ची तीन वर्षं वर्गात एकदाही तोंड उघडलं नाही, माहितीय? एकच प्रश्न होता माझा. ऋण गुणिले ऋण धन का होतं? इंग्रजीत कसं विचारायचं ते येईना, आणि मराठीत विचारलं तर हसतील. रोज पाठ करून जायचे आणि रोज तसाच परत आणायचे." मी विचारलं, मग उत्तर कधी मिळालं? "स्वतः शिकवायला लागल्यावर. पण मला शिकवणारे ते सर तोवर गेले होते. त्यांनी कसं समजावलं असतं, ते राहूनच गेलं." मी काही बोलणार तोच जिन्यात आवाज झाला. आधी भारती आली, मागून तिच्या दोन मैत्रिणी, मग गोदामातला तो मुलगा, मग अनोळखी चेहरे, आणि पावणेआठला शेजारच्या दोन खोल्यांतून खुर्च्या ओढून आणाव्या लागल्या! मॅडम स्वतः खुर्च्या उचलत होत्या. इतकं लहान मुलासारखं हसताना मी त्यांना त्याआधी पाहिलं नव्हतं.

नंतर जे घडलं ते सांगायला मला संकोच वाटतो, पण ते टाळलं तर मॅडम अर्ध्याच कळतील. वर्गात प्रश्न वाढू लागले हे प्रशासनाला इतकं आवडलं की त्यांनी प्रश्नांचा आकडा प्राध्यापकांच्या वार्षिक मूल्यमापनात घातला. कोणाच्या वर्गात किती, नावानिशी. मॅडमनी विरोध केला, कोणी ऐकलं नाही. काही आठवड्यांत आकडे आभाळाला भिडले. पेढे वाटले गेले. आणि एके दिवशी मॅडमनी दोन वेगवेगळ्या तुकड्यांत, लागोपाठच्या तासांना, एकच प्रश्न अगदी त्याच शब्दांत ऐकला. त्या माझ्या खोलीत आल्या, दार लावून घेतलं आणि डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसल्या. मग हसू थांबवून म्हणाल्या, "शिक्षकच मुलांना प्रश्न वाटून देतायत. पेडणेकर सर, तुम्ही नाही ना?"

मी टेबलाकडे बघत राहिलो. आदल्याच आठवड्यात, तपासणीच्या दिवशी, मी भारतीला जिन्यात गाठून म्हणालो होतो, "आज काहीतरी विचार हं." तिनं विचारलंही होतं, पण माझ्याकडे न बघता. मॅडमनी माझ्या गप्प राहण्याचा अर्थ ओळखला. "बरं," एवढंच म्हणाल्या. त्यांनी माझ्यावर चिडायला हवं होतं, असं मला आजही वाटतं. दुसऱ्या दिवशी मी भारतीची माफी मागितली. ती म्हणाली, "सर, मला वाटलं तुमाला माजे प्रश्न आवडतात." याहून कडक मूल्यमापन माझं कोणी केलेलं नाही.

पुढच्या बैठकीत मॅडम उभ्या राहिल्या. वर्षभर राबून जमवलेल्या तक्त्यांवर हात ठेवून त्यांनी सांगितलं, "हे मोजमाप मी सुरू केलं. नाव आणि बढती त्याला जोडल्यापासून ते खोटं झालंय. माझे आकडे रद्द करा." खोलीत कोणाचा विश्वास बसेना. कुलगुरू म्हणाले, "मग तुमच्याकडे दाखवायला उरलं काय?" मॅडम म्हणाल्या, "उद्या शुक्रवार. साडेसातला या."

आणि ते आले! एकटेच, साध्या शर्टात, मागे येऊन बसले. मुलांपैकी कोणी त्यांना ओळखलं नाही. मुंबईच्या खाडीत भराव टाकला तर पाणी जातं कुठे, यावर त्या दिवशी जुंपली होती. गोदामातल्या मुलानं वळून त्यांनाच विचारलं, "काका, तुमाला काय वाटतं? नुसते बसू नका ना." कुलगुरूंनी काहीतरी सांगितलं आणि भारतीनं ते दोन वाक्यांत खोडून काढलं. मी डोळे मिटून घेतले. मॅडमच्या चेहऱ्यावर मात्र अख्खी दिवाळी होती. महिन्याभरात मूल्यमापनातला तो रकाना गेला आणि साडेसातचा तास वेळापत्रकात आला. ॲपही आलं, ते काही टळलं नाही, पण फक्त हजेरीपुरतं. मॅडम म्हणाल्या, "चालेल. त्याला जे मोजता येतं ते मोजू दे."

मॅडम गेल्या त्या रविवारी कोपरखैरण्याला आम्ही सगळे गेलो. बुद्धवंदना झाली, मुलं जिन्यापर्यंत उभी होती, समीक्षा कोणाशीच बोलत नव्हती. सोमवार कसा गेला आठवत नाही. मंगळवारी मी साडेसातला जाणार नव्हतो. विद्यापीठात शोकसभा दुपारी होती, तास आपोआप रद्द झाला असेल असं मी धरून चाललो होतो. पावणेआठला वॉचमनचा फोन आला, "सर, पोरं येऊन बसलीत. कोन शिकवनार हाय?" सीवूड्सच्या माझ्या घरून रिक्षा करून मी पोचलो. खोली भरलेली होती. दोन मिनिटं शांत उभं राहू, असं म्हणायला मी तोंड उघडलं, तेवढ्यात पहिल्या वर्षाची एक मुलगी, जिचं नावही मला ठाऊक नव्हतं, चाचरत म्हणाली, "सर, प्रश्न विचारला तर आज... चालेल ना? मी मागच्या मंगळवारपासून आणलाय." मी मान हलवली. तिनं विचारला. एकानं उत्तर दिलं, दुसऱ्यानं ते मोडलं, भारती मधे पडली आणि दहा मिनिटांत अशी जुंपली की कोण कोणाला बोलतंय ते कळेना.

मी हळूच व्हरांड्यात आलो आणि समीक्षाला फोन लावला. कशासाठी ते मलाच माहीत नव्हतं. म्हटलं, बेटा, आईचा तास सुरू आहे. ती म्हणाली, "काका, आई रोज घरी येऊन सांगायची, मी एकदाही आले नाही हो तिथे. बोलू नका तुम्ही. फोन जरा आत धरता?"

मी दार ढकललं आणि हात लांब करून फोन आत धरला. आतल्या कोणाचंच माझ्याकडे लक्ष नव्हतं. पुढच्या तासाचे सर दाराशी येऊन थांबले, त्यांनी घड्याळ पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, आणि काही न विचारता भिंतीला टेकून उभे राहिले. हात भरून आला तसा मी तो बदलला. पलीकडून समीक्षानं फोन ठेवला नव्हता.