घोरण्याचं रेकॉर्डिंग

आमचे हे सिंचन विभागातून रिटायर झाले आणि त्यांच्या पोटाने कुरकुर सुरू केली. आधी जळजळ, मग घास अडकायला लागला. पांढुर्ण्याच्या डॉक्टरांनी सांगितलं, दुर्बिणीने पोट तपासून घ्या. नळी गिळायची म्हटल्यावर ह्यांचं तोंडच उतरलं. झोपेचं औषध देऊ, काही कळणार नाही, असं डॉक्टर म्हणाले तेव्हा कुठे तयार झाले.

मी शाळेत सुट्टी टाकली आणि सकाळच्या बसने आम्ही सौसरहून पांढुर्ण्याला निघालो. हे उपाशी, त्यामुळे चिडलेले. दवाखान्यात भूल देणाऱ्या डॉक्टरबाई आल्या, आमच्या मुलीच्या वयाच्या. दात हलतात का, दमा आहे का, पाणी कधी प्यायलात, असं विचारत विचारत म्हणाल्या, "काका, घोरता का?"

"नाही," हे ताडकन म्हणाले.

मला हसू आवरेना. "बाई, ह्यांचं घोरणं पार रामाकोना गावापर्यंत ऐकू जाते!"

"काऊन खोटं बोलून राहिली?" हे उखडले. "मले झोपच येत नाही, तं घोरीन कधी?"

लग्न झाल्यापासूनचा हा वाद. त्याच आठवड्यात मी ह्यांची दुपारची झोप मोबाइलवर रेकॉर्ड केली होती, मुलीला पाठवून हसायला. तीच लावली. भरलेला ट्रॅक्टर चढावर चालल्यासारखा आवाज खोलीभर घुमला. नर्स मास्कमध्ये हसत होती. मग आवाज एकदम थांबला.

"बंद पडला काय?" मी मोबाइल हलवला.

डॉक्टरबाईंनी हात वर करून मला थांबवलं. त्या हसत नव्हत्या. बऱ्याच वेळाने मोबाइलमधल्या ह्यांनी बुडता माणूस वर आल्यासारखा श्वास ओढला आणि ट्रॅक्टर पुन्हा सुरू झाला.

"असं नेहमी होतं, काकू?"

"होते ना. मी कोपर मारते, मंग सुरू होते."

"झोपेत ह्यांचा घसा मिटतो आणि श्वास अडतो. माझ्या औषधाने घसा आणखी सैल पडेल, ऑक्सिजन झपाट्याने खाली येईल. बरं झालं, आधीच कळलं."

"मंग राहूच द्या," हे उठायला लागले.

"बसा काका. कळलंय म्हणून तर आता तयारी करता येते."

त्यांनी खाटेची डोक्याकडची बाजू उंच केली, ह्यांना डाव्या कुशीवर निजवलं. बोटाला ऑक्सिजन मोजणारा चिमटा लावला. औषध द्यायच्या आधीच नाकाला ऑक्सिजनची नळी लावून खोल श्वास घ्यायला सांगितलं. औषधही थोडं थोडंच देणार होत्या.

"ऐकून राहिली काय?" ह्यांनी मला हाक मारली. "दारातच थांब."

दाराच्या काचेतून मी पाहत राहिले. दुर्बीण आत गेली. थोड्या वेळाने पडद्यावरचा आकडा घसरला, यंत्राचा आवाज बदलला. डॉक्टरबाईंनी घाई केली नाही. दोन्ही हातांनी ह्यांची हनुवटी वर उचलून धरली, छातीकडे बघत राहिल्या. आकडा हळूहळू वर चढला. तपासणी संपेपर्यंत त्यांनी हात काढला नाही.

ह्यांनी डोळे उघडले आणि विचारलं, "सुरू कधी करता?"

"झालंसुद्धा, काका!"

अन्ननलिकेला ॲसिडने सूज होती, बाकी काही नाही. गोळ्या लिहून दिल्या. डॉक्टरबाईंनी मात्र बजावलं, "नागपूरला जाऊन झोपेची तपासणी करा. आणि कधीही भूल घ्यायची वेळ आली, तर हे आधी सांगा." ह्यांनी शाळेतल्या पोरासारखी मान हलवली.

घरी येऊन मी पातळ खिचडी टाकली आणि नागपूरला फोन लावून तपासणीचा दिवस ठरवला. हे शेजारी बसून जेवत होते. घास सरळ खाली जात होता. फक्त मीठ कमी पडलं म्हणे.