मावशींची फोर्ट्रान

मावशी काहीही लिहायला बसल्या की डावीकडे चांगली चार बोटं जागा कोरी सोडत. फळ्यावर तर सोडतच, पण आहेराच्या पाकिटावर नाव घालतानाही सोडत, मग बिचारं आडनाव पाकिटाच्या पाठीमागे जाई. हा सगळा फोर्ट्रानचा प्रताप. गणितं करण्यासाठी निघालेली कॉम्प्युटरची ही फार जुनी भाषा, आणि तिच्यात प्रत्येक ओळीआधी सहा घरं रिकामी ठेवावी लागत. जन्मभर तेच शिकवून मावशींच्या हाताला वळण पडलं होतं.

उज्जैनच्या आमच्या कॉलेजात आम्ही दोघी शिकवायचो, त्या मला सीनियर. सगळ्यांच्या त्या मॅडम, माझ्या मात्र मावशी, कारण नानाखेड्याला आमची घरं समोरासमोर. त्यांचा कुणी एक पूर्वज मराठा संस्थानिकांच्या दरबारात कारकून होता म्हणून अंगात मराठी बाणा भरपूर. पण पोह्यांवर शेव आणि आत बडीशेप नसली, तर ते पोहे त्यांच्या लेखी पोहेच नव्हेत.

मुलं त्यांच्या विषयाला ‘म्यूझियमवाला पेपर’ म्हणत. मावशींच्या कानावर ते गेलं होतं. “हसू दे गं, क्लासमध्ये येतात तर सही,” म्हणत. पण एका मीटिंगमध्ये विभागप्रमुखांनी तो ऐच्छिक पेपर पुढच्या वर्षापासून बंद करायचं काढलं, तेव्हा त्यांचा चेहरा उतरला. घरी येताना रिक्षात म्हणाल्या, “दो-तीन साल बचे हैं माझे रिटायर व्हायला. माझ्या डोळ्यांसमोर नको गं बंद व्हायला.” एवढं हळवं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं.

पेपर वाचवायचा म्हणून त्या भाषेची नवी माहिती काढून वाचत बसल्या. मी समोर मटार सोलत होते. एकाएकी त्यांनी कपाळावर हात मारला. “अगं बाई! ही तर कधीचीच बदलून गेली!” ती सहा रिकामी घरं केव्हाच गेली होती. आकड्यांचे आख्खे तक्ते एका ओळीत बेरजेला बसत होते. हवामानाचे अंदाज बांधणारे लोक आजही तिच्यावर काम करत होते. अभ्यासक्रम बदलला नाही, म्हणून मावशींनीही कधी डोकावून पाहिलं नव्हतं. आधी त्या खूप हसल्या, मग म्हणाल्या, “लोक हिला म्हातारी म्हणतात, आणि नऊवारी नेसवून मीच बसवली होती.”

पुढच्या मीटिंगमध्ये त्यांनी वाद घातलाच नाही. “सर, भाषा पुरानी नहीं है, मेरे नोट्स पुराने हैं. एक साल दीजिए.” स्वतःची चूक इतक्या खुशीत सांगणाऱ्या बाईला नाही कसं म्हणायचं, हे प्रमुखांना सुचलं नसावं. वर्ष मिळालं.

मावशींनी मुलांना नेलं ते थेट भैरवगढला, मेण लावून कापड रंगवतात त्या बाटीकच्या कारखान्यात. मेण फार तापलं तर कापडात पसरतं, निवलं तर वरच्यावर बसतं. कढईतलं मेण कसं निवत जातं, याचा प्रोग्रॅम लिहायचा होता. कारागीर म्हणाला, “मैडम, ठंडा तो किनारे से ही होगा. इसमें कम्प्यूटर क्या बताएगा?” मावशी म्हणाल्या, “कितनी देर में होगा, वो बताएगा, भैया.” कॉम्प्युटरने सांगितलं, आणि साफ चुकीचं सांगितलं. दारातून येणारा वारा मुलांनी हिशेबात धरलाच नव्हता. दुसऱ्या दिवशी लॅबमध्ये त्या वाऱ्यावरून हमरीतुमरी चालली होती आणि मावशी कोपऱ्यात बसून लग्नघरातल्या यजमानिणीसारख्या खूश होत्या. पेपर टिकला, आणि पुढल्या वर्षी वर्गात खुर्च्या कमी पडल्या.

यंदा त्या रिटायर झाल्या आणि पेपर माझ्याकडे आला. निरोपाच्या आठवड्यात त्या माझ्या तासाला मागच्या बाकावर येऊन बसल्या. एकच गणित अनेक प्रोसेसरांत वाटून कसं सोडवायचं, ते मी शिकवत होते. तास संपल्यावर म्हणाल्या, “आज मला अर्ध्याच्या वर समजलंच नाही.”

मी ओशाळले. “पुन्हा सांगू का, मावशी?”

“नको गं,” पदराने चष्मा पुसत त्या म्हणाल्या, “माझ्या पुढे निघून गेली फोर्ट्रान. मला हेच तर हवं होतं.”