रुखमाबाईचं अर्धं पोट

माणसाचं पोट कापून काढता येतं आणि तरी माणूस जगतो, हे आमच्या गावात कोणी मानायला तयार नव्हतं. मी नागपूरची बी.ए.; मलाही डॉक्टरांनी हाताने दाखवलं तेव्हाच पटलं. त्यांनी डाव्या पंजाची पिशवी केली आणि उजव्या हाताने ती मधोमध कापल्यासारखं करून म्हणाले, "एवढं काढलं. अल्सर जुना होता, रक्त वाहत होतं. उरलेलं खाली आतड्याला जोडलंय."

गोष्ट १९५६ सालची. माझे पती नागभीडजवळच्या एका खेड्यात मास्तर होते आणि रुखमाबाई आमची शेजारीण. पस्तिशीची, आडव्या बांध्याची, आवाजाने खणखणीत. नवरा तापाने गेलेला. धाकटा दीर मुखरू आणि जाऊ आशाबाई यांच्यासोबत एका चुलीवर राहायची. आशाबाई नऊ-दहा वर्षांची असताना लग्न होऊन आली होती. तिची वेणी घालण्यापासून तिला भाकर थापायला शिकवण्यापर्यंत सगळं रुखमाबाईने केलेलं. आशाबाई तिला नुसतं "बाई" म्हणायची, पण ते कानाला "आई" म्हटल्यासारखं लागायचं.

त्या उन्हाळ्यात रुखमाबाईला काळी उलटी झाली. माझ्या यजमानांनी मुखरूला सोबत घेऊन तिला छोट्या रेल्वेने नागपूरला नेलं. मी मागाहून गेले. सरकारी दवाखान्यात तिचं ऑपरेशन झालं. निघताना डॉक्टरांनी बजावलं: एका वेळी मूठभरच खायचं, कोरडं खायचं, पाणी जेवणाच्या बरंच नंतर, गोड अजिबात नाही, आणि जेवलं की अर्धा तास आडवं व्हायचं. मळमळ काही महिने राहील. फारच राहिली तर परत आणा, पुन्हा उघडून पाहावं लागेल.

"पुन्हा उघडून" हे शब्द ऐकून रुखमाबाईने माझा दंड असा धरला की वळ उठले.

घरी आली तेव्हा तिची चोळी अंगावर लोंबत होती. गावातल्या बायका भेटायला येत, कोणी गुळाचा शिरा आणी, कोणी दुधात गूळ घालून. मन मोडवत नाही म्हणून ती दोन घास घेई. पाव तासात तिला दरदरून घाम सुटे, छाती धडधडे, हातपाय थरथरत, आणि मग पोटात पीळ पडून सगळं बाहेर. गोड नको झालं म्हणून ती चिंचेचं बोटुक चोखत बसायची, सकाळी आंबट आंबील मागायची. जेवली की ओसरीवर पाटाला डोकं टेकून पडायची.

आता हे सगळं एका ओळीत मांडून बघा. बाई महिनाभर परगावी राहून आली. आल्यापासून ओकते, गोडाचा वास नको, आंबट हवं, भरदिवसा लोळते. मला काही सुचलं नाही. गावाला मात्र लगेच सुचलं.

यांच्या जातीत पाट लागत होता. विधवेने दुसरं घर केलं तर कोणी नाक मुरडत नसे. पण पाटाच्या आधी पोट दिसलं, तर जात त्या घराचं पाणी बंद करायची आणि बाईला वेशीबाहेर काढायची. रुखमाबाईला माहेर उरलं नव्हतं. ते घर आणि धानाच्या बांध्या, म्हणजे भाताची खाचरं, एवढंच तिचं जग.

कुजबुज तिच्यापर्यंत पोचली नव्हती, माझ्यापर्यंतही नाही. बाहेरून आलेल्या मास्तरणीला असलं कोण सांगतं? मी आपली रोज बघत होते की मळमळ कमी व्हायची ती वाढतेच आहे. सकाळची आंबील पोटात गेली की ती दोन्ही हातांनी पोट आवळून भिंतीला टेकायची. डॉक्टरांनी हे असं सांगितलं नव्हतं.

"रोवणा आटोपला का जाऊ नागपूरले," ती एकदा म्हणाली. "उघडतीन तं उघडतीन. असं रोज रोज मरून नाई राह्यवत, मास्तरीनबाई."

आषाढात रोवणा, म्हणजे भाताची लावणी, सुरू झाली. मी ती कधी पाहिली नव्हती, म्हणून गेले. बांधीत पाणी भरलेलं, मुखरू बैलजोडी घेऊन पलीकडच्या कोपऱ्यात चिखल करत होता. पऱ्ह्यांच्या, म्हणजे धानाच्या रोपांच्या, पेंड्या बांधून ठेवलेल्या. दरवर्षी पहिली पेंडी रुखमाबाई लावायची, गाणंही तीच उचलायची. गावच्या बायका धुऱ्यावर, शेताच्या बांधावर, ओळीने उभ्या होत्या, लुगडी वर खोचलेली, पण खाली कोणीच उतरत नव्हतं. रुखमाबाई एकटी पाण्यात उभी.

गुणाबाई पुढे झाली. गावची सुईण. तिच्या शब्दाला घराघरात वजन.

"रुखमे, तू वरते बस. मंग आमी उतरतो."

"काऊन?"

"तुले माहीत नाई?"

"नाई. तोंडानं सांग."

"पापाचं पोट बांधीत उतरलं तं धान पोचट निघते. गावच्या पोटावर काऊन पाय देतं? दिवसभर ओकून राह्यली, चिचा चोखून राह्यली, जेवली का आडवी. अर्धं गाव माह्या हातून निघालं बाई, मले शिकवू नोको. नागपूरहून काय घेऊन आली, ते तुले ठाऊक."

  मी रुखमाबाईकडे बघत राहिले. ती रडेल, चिडेल, खाली बसेल, काहीतरी करेल असं वाटत होतं. ती नुसती उभी होती, जणू कोणी परक्या भाषेत बोललं आणि तिला ते मनातल्या मनात लावून घ्यायचं होतं.

मग ती हळू म्हणाली, "घेऊन नाई आली. ठेवून आली."

तिने पदर खांद्यावरून टाकला. चोळीची गाठ सोडली, कमरेची निरी खाली सारली. पलीकडे मुखरूने पाठ फिरवली आणि बैलांच्या शेपट्या धरून तसाच उभा राहिला. छातीच्या हाडापासून बेंबीच्या खाली एक जाड, तांबूस वण होता, दोन्ही बाजूंना टाक्यांचे ठिपके. पोट म्हणून जे काही होतं ते पाठीला लागलेलं.

"इथून इथवर चिरलं मले. पोटाचा अर्ध्याच्या वर तुकडा तिथीच राह्यला. आता ये, हात लाव गुणाबाई. पाह्य, लेकरू कुठी बसलं हाये ते."

गुणाबाईचा हात थोडा वर झाला आणि तसाच राहिला.  

आशाबाई डोक्यावर पेंड्या घेऊन नुकतीच येत होती. तिने तो वण कधी पाहिला नव्हता; पोट कापल्याची गोष्ट गावासारखी तिलाही थापच वाटली होती. घरात रुखमाबाई पोटाला कोणाला हात लावू देत नव्हती. पेंड्या घसरून धुऱ्यावर पडल्या आणि आशाबाई चिखलात बसली.

"बाई," ती म्हणाली, "मंग मी तुमाले काय पाजून राह्यली वं माय."

"आशे, चूप," गुणाबाई म्हणाली.

त्या "चूप"नेच सगळं सांगून टाकलं.

रुखमाबाईने निरी तशीच धरून विचारलं, "काय पाजून राह्यली?"

"आंबिलीत. सकायच्या. हिनं मुळी देल्ली, उगाळून टाक मने. मले वाटलं, कोणाले दिसाच्या आत पोट पडन. तुमाले घराबाहेर काढतीन तं मी कोनाच्या तोंडाकडं पाहू?"

मी धुऱ्यावर बसले.  जी बाई हिच्या उलट्या पुसायची, पाय चेपायची, तीच रोज सकाळी हसतमुखाने हिच्या हातात तो वाडगा देत होती. द्वेषाने दिला असता तर मला कळलं असतं. हे मला आजही नीट कळलेलं नाही. आणि आम्ही त्या उलट्यांपायी हिला पुन्हा चिरायला नेणार होतो.

रुखमाबाईने लुगडं नेसलं, गाठ मारली, चिखलातून एक पेंडी उचलली.

"पऱ्हे सुकून राह्यले. उतरा," ती बायकांना म्हणाली. त्या उतरल्या. "गुणाबाई, तू वरते बस."

गुणाबाई दिवसभर धुऱ्यावर बसली. त्या दिवशी गाणं कोणी उचललं नाही.

आंबील बंद झाली तशा सकाळच्या कळा थांबल्या. नागपूर टळलं. पण सगळंच सुटलं असं नाही. पोट अर्धं ते अर्धंच. गोडाने घाम सुटायचा तो सुटायचाच, मळमळ अधूनमधून गाठायचीच. तिने त्यावर आपली रीत बसवली. मूठभर कोरडा भात, तो सावकाश चावून, मग आडवं, मग पाणी, भूक लागली की पुन्हा मूठभर. पाहुणे आले तरी सांगायची, "थांबा जरासे. माहं पोट लहान हाये, त्याले निजू द्या."

चूल मात्र तिने वेगळी केली. भांडण नाही, शब्द नाही. आशाबाई सकाळी वाडगा आणून ठेवायची, रुखमाबाई बघायची नाही, आणि दुपारी ती आंबील म्हशीच्या कुंड्यात जायची. दुसऱ्या दिवशी पुन्हा वाडगा. मी आशाबाईला एकदा फटकारलं, "कशाला वाया घालवतेस?" तर म्हणाली, "मंग काय करू, तुमीच सांगा." 

पुढे आमची बदली झाली. पुष्कळ वर्षांनी एका लग्नाच्या निमित्ताने मी त्या गावात गेले. दोघी म्हाताऱ्या ओसरीवर बसल्या होत्या. चूल अजून वेगळीच होती. आशाबाईने आतून आंबिलीचा वाडगा आणला, स्वतः एक मोठा घोट घेतला, आपल्या पदराने काठ पुसला आणि रुखमाबाईपुढे धरला.

घरात आशाबाईची नवी सून आलेली, शाळा शिकलेली. ती हसून म्हणाली, "मोठ्या आत्याबाईले उष्टं काऊन देता वो आत्याबाई रोज?"

 आशाबाईचा हात तसाच पुढे होता.

"देऊ दे," रुखमाबाई म्हणाली. तिने वाडगा घेतला, थोडी थोडी करत प्यायली, रिकामा वाडगा जावेच्या हातात दिला आणि पाटाला डोकं टेकून आडवी झाली.