चतुर्थीला बाबांनी वर पाहिलं

गणेश चतुर्थीची संध्याकाळ. गाव रोहणा, तालुका आर्वी. साल चौऱ्याऐंशी... मी दहावीत होते.

त्याच वर्षी उन्हाळ्यात आपला एक माणूस अंतराळात जाऊन आला होता. मी रेडिओवर ऐकलं आणि घरात जाहीर करून टाकलं, मलेबी तिथंच जायचं आहे! तेव्हापासून काकांनी माझं नावच बदललं. "या रॉकेटबाई," म्हणायचे आणि सगळं घर हसायचं. माझं असं डोकं फिरायचं ना...

फक्त बाबा हसायचे नाहीत. बाबांचं किराणा दुकान होतं, शिक्षण चौथीपर्यंत, बोलणं कमी. पण रद्दीच्या पेपरात विमानाचं, आकाशाचं काही दिसलं, की ते पान पुड्या बांधायला वापरायचे नाहीत. घडी करून माझ्यासाठी घरी आणायचे.

तर झालं असं, की आमच्या विज्ञानाच्या सरांनी आर्वीच्या एका ओळखीच्या प्राध्यापकांकडून दुर्बीण आणली होती. माझं वेड त्यांना माहीत, म्हणून दोन-तीन दिवस मला घरी नेऊ दिली. पण नेमकं आभाळ भरलेलं! रोज संध्याकाळी मागच्या अंगणात दुर्बीण मांडायची आणि ढगांना शिव्या देत उचलून ठेवायची.

शेवटच्या संध्याकाळी आभाळ मोकळं झालं. पश्चिमेला चंद्राची कोर लख्ख. दुर्बीण दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस.टी.नं परत जाणार होती... आणि तिथी होती चतुर्थी.

आता चतुर्थीचा चंद्र पाहिला की चोरीचा आळ येतो, हे आमच्याकडे लहान लेकरालाही ठाऊक. दुर्बीण आणताना सरांनी कॅलेंडर पाहिलं नव्हतं, आणि तिच्या नादात मीही नाही. आईनं अंगणाच्या दाराला कडीच लावली. "तुले कोणी चोट्टी म्हटलं तं? पोरीची जात आहे. कोण करीन लग्न?"

मी रडले, भांडले, जेवणार नाही म्हणाले. अशी दुर्बीण पुन्हा कधी हाती येणार होती? कोर तिकडे खाली खाली चाललेली, आणि मी कडी लावलेल्या दाराशी.

तेवढ्यात बाबा आले. चतुर्थीला ते पाऊस नसला तरी छत्री उघडून, मान खाली घालून दुकानातून घरी यायचे. दुकानदार माणूस... त्यांच्या तराजूवर लोकांचा विश्वास, त्यावरच आमचं घर. चोरीच्या आळाला त्यांच्याइतकं भिणारं गावात दुसरं कोणी नसेल.

आईनं सगळं सांगितलं. बाबांनी छत्री मिटून भिंतीला टेकवली, कडी काढली आणि म्हणाले, "चाल शोभे. पहिले मी पाह्यतो. आळ यायचा तं माह्यावर येईन."

आई मागून म्हणत होती, "अहो, काऊन असं करून राह्यले तुमी?" बाबांनी अंगणात येऊन सरळ वर पाहिलं. मग वाकून दुर्बिणीला डोळा लावला.

"काय दिसून राह्यलं बाबा?"

"खड्डे," ते म्हणाले. "नुसते खड्डे. आपल्या आर्वीच्या रोडपेक्षा जास्त. तिकडे जाशीन तं चप्पल घालून जाजो."

मग मी पाहिलं. कोर मावळेपर्यंत पाहिलं.

आणि दिवाळीच्या आधी आळ आलाच! गावातल्या एका बड्या माणसानं भर पारावर सांगितलं, की बाबांनी साखर कमी तोलली, दुकानदार चोट्टा आहे. बघता बघता गिऱ्हाईक तुटलं. ऐन सणात बाबा रिकाम्या दुकानात तराजू पुसत बसायचे. आई मला काही म्हणायची नाही, आणि तेच जास्त लागायचं.

एक दिवस मी दुकानात जाऊन रडले. म्हटलं, मले नाई जायचं कुठं, मी आता कधी वर पाहणारच नाही. माझ्यामुळे झालं हे सगळं.

"काऊन तुह्यामुळे?" बाबा म्हणाले. "चंद्र मी पाह्यला. तू तं अभ्यास केला."

पुढे गावातल्या चार जाणत्या माणसांनी सगळ्यांसमोर तराजू तपासला. बरोबर निघाला. लोक हळूहळू परत आले. पण त्या बड्या माणसानं "चुकलं" म्हणून कधी म्हटलं नाही.

चंद्राचा आणि त्या आळाचा काही संबंध नव्हता, हे मला आज कळतं. पण बाबांना तसं वाटत नव्हतं हो... ते मनापासून मानत होते. मानत होते, भीत होते, आणि तरी त्यांनी वर पाहिलं. माझ्यासाठी.

पुढच्या जूनमध्ये अकरावी सायन्सला वर्धेच्या कॉलेजात माझं नाव घातलं. मला पोचवायला बाबा ट्रंक घेऊन एस.टी.त बसले. गाडी गच्च, अर्धी माणसं आमच्याच गावची. पुढच्या सीटवर तोच, साखरेवाला बडा माणूस.

कंडक्टरनं विचारलं, "कुठं?"

ज्यांचा आवाज कधी दुकानाबाहेर गेला नाही, ते माझे बाबा सगळ्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाले, "पोरगी अंतराळात चालली आमची. सध्या वर्धेपर्यंतचे दोन द्या."

गाडीत हशा पिकला. मी खिडकीकडे तोंड वळवलं, डोळे भरून आले होते म्हणून.

मी अंतराळात गेले नाही. आयुष्यभर कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आता रिटायर व्हायला आले. बाबांना जाऊन आज महिना झाला... माझं स्वप्न मी सोडून दुसऱ्या कोणी मोठ्या आवाजात सांगितलं असेल, तर ते त्यांनीच. थँक्यू बाबा... तुमच्यासमोर हे एकदाही म्हटलं नाही मी.