मेलेल्या उंदरांची सूज

माझी चुलती ज्या सहकारी साखर कारखान्याला ऊसतोडीला जायची, त्याचं धुराडं त्या दुष्काळात पेटलंच नाही. ती उमापूरजवळच्या आमच्या गावातच होती आणि मी बीडला फार्मसीच्या शेवटच्या वर्षाला.

तोडीनं तिचे गुडघे पार गेले होते. त्यांवर ती निर्गुडीचा पाला वाफवून बांधायची. ते बघूनच मी प्रबंधाचा विषय घेतला: निर्गुडीच्या अर्कानं पांढऱ्या उंदरांच्या पंजाची सूज उतरते का. पाला तिनंच आणून दिला, दुखऱ्या पायांनी कोरड्या ओढ्यात हिंडून.

प्रयोग चालू असताना मी मैत्रिणीच्या लग्नाला दिंद्रुडला निघाले. पिंजऱ्यांतल्या पाण्याच्या बाटल्या भरणं माझं काम. कॉलेजात टँकर आला नव्हता. माझ्या खोलीत घागरभर पाणी होतं, त्यानं मी केस धुतले आणि बाटल्या तशाच राहिल्या. दोन दिवसांचे चार झाले. परतले तेव्हा अर्क दिलेल्या सहांपैकी चार उंदीर मेलेले होते.

कुणाला न सांगता मी ते कॉलेजमागं पुरले आणि उरलेल्या दोघांवरून चौघांचे आकडे बेतून वहीत लिहिले. प्रबंध मान्य झाला. सरांनी वर्गात कौतुक केलं.

गावी गेल्यावर काकूनं विचारलं, "बरी झाली का गं उंदरं आपल्या पाल्यानं?"

"झाली."

"बांधला व्हता का पाला?"

"नाही, अर्क पाजला."

आठ दिवसांनी तिला बीडच्या दवाखान्यात आणलं. पाला उकळून ती तांब्याभर काढा प्यायली होती, उलट्या थांबत नव्हत्या. सलाइन चालू असताना मी उशाशी बसून सगळं सांगितलं. खोट्या आकड्यांचं तिला काहीच वाटलं नाही.

"चार दिस पाणी न्हाई त्यास्नी?" ती म्हणाली. "मंग तू कुठं गेलती?"

"लग्नाला."

तिनं तोंड भिंतीकडं वळवलं.

ती बरी झाली, पुढं तोडीलाही गेली. माझ्याशी बोलणं सोडलं नाही, पण माझ्या अभ्यासाचं पुन्हा कधी विचारलं नाही. सरांना मी आजवर सांगितलेलं नाही. मध्यंतरी एका विद्यार्थिनीचा फोन आला. ग्रंथालयातल्या माझ्या प्रबंधातला तक्ता तिला फार उपयोगी पडला म्हणे. तो वापरू नकोस, एवढं सांगायचं होतं. मी तिला शुभेच्छा दिल्या आणि फोन ठेवला.