नागपूर–कलकत्ता: दोन तास

सोनेगावच्या विमानतळावर मला सोडायला माय आणि दादा आले होते, नरखेड तालुक्यातल्या आमच्या गावाहून सकाळची एसटी धरून. तिकीट कंपनीचं. गावातला पहिला बी.कॉम. मी, आणि विमानात बसणारा पहिलाही मीच. हे सांगताना मला आजही संकोच वाटत नाही.

"कलकत्ता किती लांब गा?" मायनं विचारलं.

मी रुबाबात सांगितलं, हवेतून हजार किलोमीटरलाही थोडं कमीच. दोन तास. त्या दिवशी आमच्या एसटीनं त्याहून जास्त वेळ घेतला होता.

"पोचला की कार्ड टाकजो," ती म्हणाली. तार करायची नव्हती. गावात तार आली की लोक वाचायच्या आधी रडायला लागत.

माणूस प्रवासाला निघाला, की तो पोचेपर्यंत घर झाडायचं नाही, ही आमच्याकडची रीत. काटोलला जाणाऱ्यासाठी ती सोपी. मला मात्र नवी नोकरी, बंगाली साहेब, मेसमधला माशाचा वास या सगळ्यात कार्ड टाकायलाच चार-पाच दिवस लागले, आणि कार्डाला गावी पोचायला तितकेच. दिवस कापूस वेचणीचे. ओसरीत कापसाचा ढीग, घरभर पालापाचोळा. पुढचं दादानं सांगितलं.

वहिनी कावली. "आत्याबाई, इमान दोन घंट्यात पोचते म्हन्ते. अन् आपण आठ दिवसांपासून कचऱ्यात बसून राहिलो काहून?"

"इमान पोचलं असन वं. माहा पोरगा पोचला, हे तुले कोणं सांगतलं?"

"मंग पाव्हण्याइले काय उकिरड्यावर बसवू?"

शेवटी तोड निघाली. झाडूला हात लावायचा नाही. केर हातानं गोळा करून दारामागं ठेवायचा. पोस्टमन दिसल्याबरोबर वहिनीनं आधी तो ढीग बाहेर फेकला, कार्ड मग वाचलं.

पुढं दर सुटीनंतर हेच. मी मायला विमानाचं वेळापत्रक समजावायचो, वहिनी माझी बाजू घ्यायची. "भाऊजी, तुमच्या इमानापायी आमच्या झाडूले सुटी," असं जाताना ऐकवायची.

मग माय गेली. तेरवी आटोपून मी कलकत्त्याला परतलो आणि पहिल्यांदाच कार्ड टाकलं नाही. कोणाला टाकायचं? आता गाव संपलं, असं मी बायकोला सांगूनही टाकलं. संत्र्याच्या बागेतला माझा हिस्सा दादाच्या नावे करायचा विचार चालला होता. म्हणजे मग तिकडं जायचं कारणच उरलं नसतं.

पंधरा-वीस दिवसांनी एक कार्ड आलं. तिसरीपर्यंत शिकलेल्या वहिनीचं मोठं, वाकडं अक्षर.

"भाऊजी, पोचले का? दारामागं ढीग लय वाढला."

मी त्याच दुपारी कार्ड टाकलं. हिश्शाचा विषय पुन्हा काढला नाही.

विमानाला अजूनही दोनच तास लागतात. मी मात्र पोचतो, ते तिकडं वहिनी झाडू हातात घेते तेव्हा.